टाचेवर चालायचे दिवस

कमळाबाईंच्या पायाचं ऑपरेशन झालं हे नांदिवलीत सगळ्यांना कळलं, पण कसलं झालं हे कोणालाच नीट कळलं नाही. ठाण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव 'बनियन' सांगितलं होतं. त्यांच्या धाकट्या मुलाने, दिपेशने, ते तसंच आपल्या कार्यकर्त्यांना सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत नाक्यावर दोन मतं तयार झाली. एक म्हणजे काळुरामशेठच्या बायकोला बनियनची काहीतरी अ‍ॅलर्जी झाली. दुसरं म्हणजे बनियन हे डॉक्टरचं आडनाव आहे, पारशी असावा. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर येतं, अंगठा शेजारच्या बोटावर चढतो, मग ते हाड कापून सरळ करतात आणि स्क्रू मारून बसवतात, एवढं ऐकून घ्यायला कोणी थांबत नव्हतं. एरवी अंगठ्याला भेटायला कोणी येत नाही. तरी लोक आले, कारण दिपेश यंदा महापालिकेच्या निवडणुकीला उभा राहणार होता.

तळमजल्यावरच्या हॉलमध्ये दिवाणावर कमळाबाई आडव्या होत्या. पाय छातीपेक्षा वर ठेवायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळे तो उशांच्या चळतीवर होता आणि दारातून आत येणाऱ्याला आधी बँडेजचा पायच दिसायचा. लोक बराच वेळ पायाशीच बोलायचे. कमळाबाई मागून उत्तरं द्यायच्या.

त्यांचं सगळं करायला दिवसा घरात कोणी नव्हतं. थोरला मुलगा महेंद्र बांधकामाच्या मालाच्या दुकानात, त्याची बायको भावना कल्याणच्या एका शाळेत क्लार्क, त्यांची मुलं शिकायला बाहेर. धाकटा दिपेश वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. लग्न मोडल्यापासून तो घरी झोपण्यापुरता येई. मुलगी मंदाकिनी ठाण्याला दिलेली. म्हणून ब्युरोतून बाई आणली. पहिलीला टाके बघून चक्कर आली. दुसरीला कमळाबाईंनीच घालवली, कारण ती "आज्जीऽ, शू करायची का?" असं लाडात विचारायची.

त्यानंतर मंगळवारी दुपारी एक रिक्षा फाटकाशी थांबली.

भावना त्या दिवशी अर्धी रजा टाकून घरी आली होती. तिने दार उघडलं तर साठीच्या पुढची एक उंच, काळीसावळी बाई उभी. खांद्याला कापडी पिशवी, हातात एक बॅग. कपाळ मोकळं.

"कोण हवंय?"

"मी हौसाबाई. शहाडची."

भावनाने दार धरूनच ठेवलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून 'शहाड' हा शब्द ऐकत होती. मामंजी शहाडला गेलेत. शहाडहून उशिरा आले. शहाडचा फोन होता. तिथे पूर्वी मामंजींची वीटभट्टी होती, आणि भट्टी बंद पडल्यावरही ते तिथे जात राहिले. का, ते कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. दुसऱ्याच वर्षी आपोआप कळलं. सासरे वारले तेव्हा ही बाई स्मशानाच्या बाहेर उभी होती म्हणतात, आणि महेंद्रने तिला रिक्षात बसवून परत पाठवलं होतं. पण शहाडला उंची असेल, गुडघे धरून पायरी चढायची सवय असेल, असं काही भावनाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आतून कमळाबाईंचा आवाज आला. "आत घे तिला. दार उघडा नको ठेवू, माश्या येतात."

*

रविवारी महेंद्रने सगळ्यांना बोलावलं.

त्या मंगळवारपासून तो हॉलमधून ये-जा करत नव्हता. मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने घरात शिरायचा, वाढलेलं ताट घेऊन वर दिपेशकडे जायचा. आईला काही विचारायचं असलं तर जिन्यातून मोठ्याने विचारायचा. हे सगळं त्याला स्वतःलाच हास्यास्पद वाटत होतं, पण बावन्नाव्या वर्षी माणूस एकदा मागच्या दाराने यायला लागला की पुढच्या दाराने परत सुरुवात करायला निमित्त लागतं.

आता हॉलमध्ये यावंच लागलं, कारण आईला हलवता येत नव्हतं. हौसाबाई मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होत्या. महेंद्रने मधलं दार लावून घेतलं.

"आई, ती कधी जाणार?"

"कोन?"

"तुला माहितेय कोण."

"अंगठा हलवायचाय मना," कमळाबाई म्हणाल्या. "डॉक्टरनी सांगला, दिवसातून तीनदा वरखाली. तू बोल, मी हलवतंय."

त्या दोन्ही हातांनी मांडी धरून अंगठ्याकडे बघायला लागल्या. अंगठा फार हलत नव्हता. सगळे थोडा वेळ त्याच्याकडेच बघत राहिले.

"गावात काय तोंड दाखवायचं?" महेंद्र म्हणाला. "बाबांना जाऊन दोन वर्षं नाय झाली. ज्या बाईला मी स्मशानातनं परत पाठवली, ती आज आपल्या न्हाणीघरात टॉवेल टाकते. लोक काय बोलतील?"

"लोकांना पन न्हानीघर हाय," कमळाबाई म्हणाल्या.

दिपेशने मोबाईल खिशात टाकला. तो पांढरा शर्ट घालून आला होता. हल्ली तो दूध आणायलासुद्धा पांढरा शर्ट घालायचा. "आई, मला पर्सनली काय प्रॉब्लेम नाय हां. पण टायमिंग बघ ना. माझे बॅनर लागलेत सगळीकडे. समोरचे लोक टपून बसलेत. एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला ना, विषय संपला. इलेक्शननंतर आण ना तू, बिनधास्त आण."

"इलेक्शनपर्यंत मना बाथरूमला कोन नेनार? तू?"

दिपेश परत मोबाईलकडे वळला.

मंदाकिनी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती. ठाण्याहून सकाळीच आलेली; आणलेली मोसंबी अजून तिच्या मांडीवर होती. महेंद्रने तिच्याकडे पाहिलं. बाबा गेले तेव्हा सगळ्यात जास्त तीच रडली होती. ती आपल्या बाजूने असणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

"मंदा, तू सांग हिला. हिला कोणी सुचवलं हे? हिच्याकडे तिचा नंबर आला कुठनं?"

"मी दिला," मंदाकिनी म्हणाली.

महेंद्रला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"तू?"

"मी फोन करते तिला. अधूनमधून. तिचंही हेच ऑपरेशन झालं गेल्या वर्षी, तेव्हा भेटायला गेलेली. एकटीच होती रे. टाचेवर चालत, भिंतीला धरून धरून चहा करत होती. आईला डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं तेव्हा आई घाबरलेली. विचारत होती, कोणी केलंय का, कोणाचा पाय बघायला मिळेल का. मी म्हटलं, शहाडने केलंय."

"आणि तू कधीपासून जातेस तिच्याकडे?"

मंदाकिनीने मोसंबीची पिशवी खाली ठेवली. तिला सात-आठ वर्षांची मंदा आठवली, स्कूटरवर बाबांच्या पुढे उभी राहून वारा खाणारी. 'चल, विटा बघायला जाऊ.' विटा बघून झाल्या की बाबा तिला एका खोलीत न्यायचे. तिथली बाई तिला पिठलं-भाकरी वाढायची आणि वाऱ्याने विस्कटलेले केस सोडून, तेल लावून परत घट्ट वेणी घालायची. घरी काय सांगायचं नाही, हे बाबांनी कधी सांगितलं नव्हतं. तिला ते तसंच कळलं होतं. घरी आल्यावर आई काही न बोलता ती वेणी सोडायची आणि आपल्या हाताने दुसरी घालायची.

"लहान होते तेव्हापासून," ती म्हणाली. आईकडे बघायचं तिने टाळलं. "आईला माहीत नव्हतं."

"वेनी उलटी घालायची ती," कमळाबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष अजून अंगठ्याकडेच होतं. "डावा पेड वरनं. मना कललं नसंल, असा वाटला तुला?"

चाळीस वर्षं सांभाळलेलं मंदाकिनीचं गुपित एवढ्या एका वाक्यात संपलं.

*

महेंद्रला आता बायकोचा आधार हवा होता. "भावना, तू बोल ना. तुझ्या घरात परकी बाई वावरतेय. तुला चालतंय हे?"

भावनाला पहिले दोन दिवस खरंच चालत नव्हतं. तिने स्वयंपाकघरातले डबे मोजले नाहीत एवढंच. पण गुरुवारी संध्याकाळी ती शाळेतून आली तेव्हा कमळाबाई अंघोळ करून, केस विंचरून बसल्या होत्या, पायावर प्लास्टिकची पिशवी बांधून, वर रबर लावून हौसाबाईंनी त्यांना स्टुलावर बसवून अंघोळ घातली होती, आणि ऑपरेशननंतर प्रथमच सासूने तिला बघितल्याबरोबर "आलीस कं, आता बघ माझा काय झाला" असं म्हटलं नव्हतं. भावनाने शांतपणे चप्पल काढली होती, चहा केला होता आणि तो बसून प्यायला होता.

"मला चालतंय," ती म्हणाली.

"काय?"

"तुम्हाला चालत नसेल तर उद्यापासून अंघोळ तुम्ही घाला. मी रजा संपवल्यात. पिशवी कशी बांधायची ते त्या दाखवतील."

दिपेश हसला आणि लगेच गंभीर झाला.

"मस्करी नाय ही," महेंद्रचा आवाज चढला. "आई, मला एकच सांग. इतक्या वर्षांत तिचं नाव घेतलं नाहीस. बाबा रात्री जेवायला नसले की तू ताट झाकून ठेवायचीस, ते मी बघितलंय. मग आता कशाला बोलावलीस तिला?"

कमळाबाईंनी पाय हलवायचा थांबवला.

"चपला," त्या म्हणाल्या.

"कसल्या चपला?"

"डॉक्टर बोलला, आजी, तुम्ही घट्ट चपला घालायच्या कं? मी बोलले, मी कुटं आनायची, आमचा मानूस आनायचा. दिवालीला. पुढनं अशा निमुलत्या, सोनेरी पट्ट्याच्या. दोन खोके आनायचा. एक मना द्यायचा, एक डिकीत ठेवायचा. मना वाटायचा, तिला चांगल्या आनत असंल. मंग एकदा डिकी उघडी दिसली. बघितल्या. त्याच. नंबर पन तोच."

मंदाकिनीने आईच्या बँडेजच्या पायाकडे बघितलं.

"आमचा दोघींचा पाय एक नाय. माझा रुंद, तिचा लांब. त्याने मधला नंबर ठरवला. दोघींना चावायच्या."

"मग बोलली का नाहीस?" मंदाकिनीने विचारलं.

"बोलले असते तर त्याला वाटला असता, शहाडवाली काय बोलत नाय, हीच कुरकुर करते."

मधलं दार कधी उघडलं ते कोणाला कळलं नव्हतं. हौसाबाई रिकामी बादली घेऊन उभ्या होत्या.

"म्या बी म्हनूनच बोलले न्हाई," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, थोरल्या घालत्यात गुमान, मग आपुन कोन?"

दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. कमळाबाई पायाकडे बघत होत्या आणि हौसाबाई बादलीकडे.

"मना तिचा पाय बघायचा व्हता," कमळाबाई महेंद्रला म्हणाल्या. "सरल झाला कं नाय ते. म्हनून बोलावली. तिने दाखवला. झालाय सरल. मंग मी बोलले, आयलीस तर राहा."

महेंद्रला हे सगळं ऐकू येत होतं, पण त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. बाबा गेल्यापासून जमिनीचे कागद, वकील, चुलत्यांचे दावे यातच त्याचे दिवस जात होते. त्याला कोणाच्या पायाची गोष्ट नको होती.

"आज पाय दाखवायला आली," तो म्हणाला, "उद्या हिस्सा मागायला बसेल. मग रडायचं नाय कोणी."

वाक्य तोंडातून गेल्यावर त्याला स्वतःलाही ते आवडलं नाही. पण परत घेण्याची त्या घरात पद्धत नव्हती.

हौसाबाईंनी बादली दाराआड ठेवली. "जाते मी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मागच्या खोलीत जाऊन त्यांनी बॅग भरली. भरण्यासारखं फारसं नव्हतंच. परत येताना त्या भावनापाशी थांबल्या. "पिशवीला रबर लई घट्ट नका लावू. आन् रातच्याला उशी सरकती, एकदा बघत जा." मग पदर सारखा करून त्या पुढच्या दाराने बाहेर पडल्या.

*

हॉलमध्ये सगळे बसून होते. महेंद्रला हवं होतं ते झालं होतं. दिपेशने "चला, झालं," असं म्हटलं, पण उठला नाही. मंदाकिनी डोळे पुसत होती.

"माझा बूट दे," कमळाबाई म्हणाल्या.

तो बूट म्हणजे हॉस्पिटलने दिलेली एक विचित्र वस्तू होती. पुढे काहीच नाही, मागे जाड टाच, वर पट्टे. सगळं वजन टाचेवर यावं आणि अंगठा अधांतरी राहावा म्हणून. बाथरूमपर्यंत जायलाच तो घालायची परवानगी होती.

"कशाला, आई?" महेंद्र म्हणाला.

कमळाबाईंनी उशांवरून पाय स्वतःच खाली घेतला. रक्त खाली उतरलं तशी त्यांच्या चेहऱ्यावर एक कळ येऊन गेली. त्यांना वाकून पट्टे लावता येत नव्हते. भावनाने एकदा नवऱ्याकडे बघितलं, मग खाली बसली आणि पट्टे लावले.

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय..."

"वॉकर."

मंदाकिनीने वॉकर पुढे केला. कमळाबाई उठल्या आणि टाच आपटत चालू लागल्या. वॉकर, टाच, चांगला पाय. ओटीपर्यंत कोणी त्यांना हात लावला नाही, कारण कुठे धरायचं ते कोणालाच माहीत नव्हतं. ओटीला दोन पायऱ्या होत्या. तिथे महेंद्र धावत पुढे झाला, पण तोवर त्या पहिली उतरल्या होत्या.

अंगण ओलांडून फाटकाशी जायला त्यांना बराच वेळ लागला. तेवढ्यात गल्लीत एक रिक्षा थांबली होती आणि हौसाबाई तिच्यात बॅग ठेवत होत्या. समोरच्या घरातली संदेशची आई कोथिंबीर निवडत ओट्यावर बसली होती. तिने ताट बाजूला ठेवलं.

"कमळाबाय! तुम्हाला चालू दिला कं? आन ही कोन पावनी?"

सगळे अंगणात जागच्या जागी थांबले. या प्रश्नाची महेंद्रकडे तयार उत्तरं होती. ब्युरोची बाई. आईच्या माहेरची. बाबांच्या भट्टीवर कामाला होती. यातलं शेवटचं तर खरंही होतं.

कमळाबाईंनी वॉकरवर दोन्ही हात टेकले. त्यांना धाप लागली होती.

"माझी सवत हाय," त्या म्हणाल्या. "शहाडला असते. माझ्या पायासाठी आयली."

जो शब्द त्या घरात कोणी तोंडातून काढला नव्हता, तो त्यांनी कोथिंबिरीचा भाव सांगावा तसा सांगितला. संदेशच्या आईचं तोंड उघडं राहिलं. मग तिला काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून ती म्हणाली, "बरा झाला हो. कोनतरी पाहिजेच."

कमळाबाई रिक्षावाल्याकडे वळल्या. "तू जा रे बाबा. नाय यायचं तिला."

"बाई," हौसाबाई म्हणाल्या, "पाय खाली सोडून उभ्या ऱ्हायलाय. सुजंल."

"सुजू दे. तू आत चल, मंग वर ठेवते."

दिपेशने खिशातून मोबाईल काढला. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की सगळं प्रकरण त्याला आता वेगळ्या बाजूने दिसायला लागलंय. दोन माता, एक अंगण. भावी नगरसेवकाच्या घरचा मोठेपणा. त्याने कॅमेरा उघडला.

"दिप्या," कमळाबाई मागे न बघता म्हणाल्या, "फोन खाली."

त्याने मोबाईल परत खिशात टाकला.

रिक्षावाला थांबून बघत होता. संदेशची आई बघत होती, आणि तिच्या मागे खिडकीत आणखी कोणीतरी. महेंद्रला वाटत होतं, आपण काहीतरी बोलायला हवं. त्याने रिक्षातली बॅग उचलली.

परत येताना उतरण्यापेक्षा चढणं अवघड होतं. ओटीच्या पायरीशी कमळाबाई थांबल्या. हौसाबाई त्यांच्या डाव्या बाजूला गेल्या आणि महेंद्रकडे न बघता म्हणाल्या, "तुमी त्या अंगानं धरा."

महेंद्रने बॅग खाली ठेवून आईचा दंड धरला.

"दंड नगं. दुखतो त्यांचा. काखंतनं धरा."

त्याने काखेतून धरलं. "असं?"

"हां. आता चांगला पाय वर घ्या, बाई."

तिघं एकदम एक पायरी चढले, थांबले, आणि मग दुसरी चढले.

*

पाय सुजायचा तो सुजलाच. दोन दिवसांनी महेंद्र त्यांना गाडीतून ठाण्याला घेऊन गेला. डॉक्टरांनी बँडेज सोडलं, अंगठा दाबून बघितला, एक्स-रे काढायला लावला आणि तो बघून झाल्यावर रागावले. तरुण डॉक्टर होते, आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती.

"हाड जागेवर आहे, हे तुमचं नशीब. आजी, अंगण ओलांडून फाटकापर्यंत जायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"घरातलं मानूस निघून चाललेलं. थांबवायला गेले."

"मग कोणाला तरी पाठवायचं ना. घरात दुसरं कोणी नव्हतं का?"

"व्हते की," कमळाबाई म्हणाल्या. "सगले व्हते. सगल्यांचे पाय पन चांगले व्हते."

महेंद्र शेजारच्या खुर्चीवर बसला होता. त्याने टेबलावरचा एक्स-रे उचलला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरून तो खूप वेळ बघत राहिला. त्यात दोन्ही स्क्रू अगदी स्पष्ट दिसत होते.